नळी किती लांब हवी?

रायपूरच्या सदर बाजारात सोन्याची साखळी घ्यायला गेले, की सराफ वजनाच्या आधी एक प्रश्न हमखास विचारतो, "किती इंची दाखवू?" सोळा इंची गळ्यालगत बसते, अठरा इंची जरा खाली उतरते, चोवीस इंची छातीवर रुळते. एकीला शोभणारी साखळी दुसरीच्या गळ्यात लोंबते, हे बायकांना सांगावे लागत नाही. पण हीच मंडळी सुट्टीत मालवणला जातात, हौसेने पाण्याखाली उतरतात, तेव्हा ज्या नळीतून आपण श्वास घेणार ती किती इंची आहे, कोणत्या खांद्यावरून आली आहे आणि कुठे अडकवली आहे, हे विचारायचे कुणाच्या मनातही येत नाही.

रायपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. तरी भोसल्यांच्या काळापासून इथे मराठी घरे आहेत, चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, आणि कोकणात कुणा ना कुणाचे नातेवाईक असतातच. सिंधुदुर्ग किल्ला पाहायला जायचे आणि त्याच फेरीत स्कूबा डायव्हिंगही करून यायचे, असा बेत आता सर्रास ठरतो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्थाही आहे. तेव्हा या नळ्यांचा हिशेब घरातल्या सगळ्यांनीच एकदा समजून घ्यावा. तो अवघड नाही. स्वयंपाकघरात गॅस वापरणाऱ्या गृहिणीला तर अर्धा हिशेब आधीच येतो.

गॅसचा रेग्युलेटर आणि श्वासाचा रेग्युलेटर

गॅसच्या सिलिंडरवर रेग्युलेटर का बसवतात? आतला दाब शेगडीला सोसणार नाही म्हणून. रेग्युलेटर तो दाब कमी करतो आणि नळीतून शेगडीकडे बेताचा गॅस सोडतो. ही नळी दीड मीटरपेक्षा लांब असू नये, शेगडीच्या मागून किंवा खालून नेऊ नये, कापडाने झाकू नये, पाच वर्षांनी बदलावी, हे नियम आपण ऐकलेले असतात.

पाणबुड्याच्या पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन असतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. हौशी पाणबुड्याच्या टाकीत सहसा साधी हवाच असते, फक्त ती गाळून, कोरडी करून, दाबून भरलेली असते. भरलेल्या टाकीतला दाब साधारण २०० बार, म्हणजे मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दाबाच्या नव्वद-शंभर पट असतो. ही हवा थेट तोंडात सोडली तर फुप्फुसे फाटतील. म्हणून दाब दोन टप्प्यांत उतरवतात. टाकीच्या तोंडाशी बसवलेला पहिला टप्पा तो सभोवतालच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार इतकाच जास्त ठेवतो. तोंडात धरायचा दुसरा टप्पा तो अगदी सभोवतालच्या पाण्याइतका करतो, आणि तोही आपण श्वास ओढू तेव्हाच हवा देतो. या दोन टप्प्यांना जोडणारी ती नळी.

गॅसशी असलेले हे नाते नुसते उपमेचे नाही. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई झाली आणि मोटारी गॅसवर चालवायची वेळ आली. एमिल गान्यां या अभियंत्याने त्यासाठी एक रेग्युलेटर तयार केला होता. झाक कुस्तो या नौदल अधिकाऱ्याने तो पाहिला आणि दोघांनी मिळून १९४३ मध्ये त्यातूनच पाण्याखाली श्वास घेण्याचे यंत्र सिद्ध केले.

पहिली चाचणी पॅरिसजवळ मार्न नदीत झाली आणि ती फसली. कुस्तो आडवे पोहत असले की यंत्र नीट चाले. उभे राहिले की हवा भसाभसा वाहून जाई आणि डोके खाली केले की श्वास ओढता येईना. यंत्र ठीक होते, चूक मांडणीत होती. श्वास सोडण्याचे तोंड रेग्युलेटरपासून काही इंच दूर बसवले होते आणि पाण्याच्या दाबात तेवढ्या इंचांनीही फरक पडतो. ते तोंड रेग्युलेटरजवळ आणले आणि काम फत्ते झाले. नळी कुठून कुठे जाते याला किती महत्त्व आहे, हे या विद्येला पहिल्याच दिवशी कळले.

त्या पहिल्या यंत्राला घड्या असलेल्या दोन जाड नळ्या होत्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्या. आजच्यासारखी एकच सडपातळ नळी असलेले यंत्र १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या टेड एल्ड्रेड यांनी बाजारात आणले. आज जगभर तीच रीत आहे.

चार नळ्या, चार कामे

आजच्या पाणबुड्याच्या पाठीमागून सहसा चार नळ्या निघतात.

पहिली तोंडातल्या रेग्युलेटरची. ती उजव्या खांद्यावरून पुढे येते. लांबी साधारण २८ ते ३० इंच.

दुसरी जोडीदारासाठी. हिच्या टोकाला आणखी एक रेग्युलेटर असतो, त्याला ऑक्टोपस म्हणतात. बरोबरच्या माणसाची हवा संपली तर त्याने यातून श्वास घ्यायचा. ही नळी मुद्दाम लांब असते, ३६ ते ४० इंच, आणि चटकन दिसावी म्हणून बहुधा पिवळ्या रंगाची.

तिसरी जॅकेटची. पाणबुड्याच्या जॅकेटमध्ये हवा भरली की तो वर येऊ लागतो, सोडली की खाली जातो. ही नळी डाव्या खांद्यावरून येते, लांबी २२ ते २६ इंच.

चौथी दाबमापकाची. टाकीत किती हवा उरली ते सांगणारा काटा हिच्या टोकाला असतो. ही डाव्या काखेखालून येते. लांबी २४ इंचांपासून ३६ इंचांपर्यंत, ज्याची त्याची पद्धत असेल तशी.

यातल्या पहिल्या तीन नळ्यांत कमी दाब असतो, चौथीत टाकीतला पूर्ण दाब. त्यामुळे सगळ्यांत धोक्याची चौथी, असे कुणालाही वाटेल. खरे उलट आहे. चौथ्या नळीच्या मुळाशी हवा जायला टाचणीच्या टोकाएवढेच भोक ठेवलेले असते. काटा हलवायला तेवढी हवा पुरते. ही नळी फुटली तर बुडबुडे आणि आवाज पुष्कळ होतो, पण टाकी सावकाश रिकामी होते. कमी दाबाची नळी फुटली तर मात्र टाकी फार लवकर संपते. दोन्ही प्रकारच्या जोडांचे आटे वेगवेगळ्या मापाचे असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी चुकून बसत नाही.

लांब झाली तर? आखूड झाली तर?

तोंडातली नळी आखूड असली, तर मान डावीकडे वळवताच रेग्युलेटर ओढला जातो. तो सुटू नये म्हणून माणूस दात घट्ट आवळतो. अर्ध्या तासात जबडा दुखू लागतो, पकड सैल होते, तोंडात पाणी शिरते. नवख्या माणसाला वाटते, की आपल्यालाच जमत नाही. पुष्कळदा दोष त्याचा नसतो, सहा इंच कमी पडलेल्या नळीचा असतो.

नळी फार लांब असली, तर खांद्याबाहेर तिचा कमानीसारखा फास तयार होतो. तो पाण्याला अडतो, रेग्युलेटरला एका बाजूला ढकलतो, आणि खडकात, दोरीत किंवा टाकून दिलेल्या जाळ्यात अडकतो. कोळ्यांची वस्ती असलेल्या किनाऱ्यावर तुटकी जाळी तळाशी असणारच.

बुटक्या अंगाच्या स्त्रियांना आणि मुलांना हा त्रास जास्त होतो, कारण भाड्याचे सामान मध्यम बांध्याच्या पुरुषाचे माप धरून जुळवलेले असते. पण लगेच नळी बदलायची घाई करू नये. आधी टाकी जॅकेटच्या पट्ट्यात किती उंच बांधली आहे ते पाहावे. टाकी चार बोटे खाली बांधली, की तीच नळी चार बोटे आखूड झाल्यासारखी वागते. पहिला टप्पा टाकीवर वाकडा बसला असेल, तरीही नळी भलत्या दिशेने निघते. या दोन गोष्टी सरळ केल्या, की निम्म्या तक्रारी पैसा न खर्चता मिटतात.

"नळी तोंडातून सुटली तर?"

घरातले एखादे कार्टे स्कूबाचा हट्ट धरते, तेव्हा आजीचा प्रश्न ठरलेला असतो. "अगं सूनबाई, पाण्यात त्याच्या तोंडातली नळी सुटली तर?" सूनबाई म्हणते, "आई, शिकवणारे असतात ना बरोबर." आजीचे समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. तिने नेमका प्रश्न विचारलेला असतो. त्याचे नेमके उत्तर नळीच्या वाटेत आहे.

रेग्युलेटर तोंडातून सुटू शकतो. एखाद्याचा पाय लागतो, खोकला येतो. म्हणून प्रशिक्षणाच्या पहिल्या धड्यांतच तो मुद्दाम काढून परत घ्यायला शिकवतात. उजव्या बाजूला थोडे झुकायचे, उजवा हात मांडीपासून मागे टाकीपर्यंत न्यायचा आणि तिथून मोठा गोल फिरवत पुढे आणायचा. नळी हाताच्या कोपरात येऊन पडते. तिच्या टोकाशी रेग्युलेटर असतोच. या वेळात श्वास रोखून धरायचा नसतो, ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे असतात. रेग्युलेटर तोंडात आला, की फुंकर मारून किंवा त्यावरचे बटण दाबून आतले पाणी बाहेर घालवायचे आणि मग पहिला श्वास घ्यायचा.

ही युक्ती साधते ती नळी उजव्या खांद्यावरूनच आलेली असते म्हणून. ती जॅकेटच्या पट्ट्याखाली अडकली असेल किंवा दुसऱ्या नळीत गुंतली असेल, तर हात कितीही फिरवला तरी ती सापडणार नाही. म्हणून पाण्यात शिरण्यापूर्वी जोडीदाराने एकमेकांच्या नळ्या मोकळ्या आहेत ना, हे हाताने चाचपून पाहायचे, असा दंडक आहे. नवराबायको जोडीने उतरणार असतील, तर हा दंडक तोंडदेखला पाळू नये.

जोडीदाराची हवा संपली, तर

खरी कसोटी इथे आहे. हवा संपलेला माणूस गळ्यावरून हात आडवा फिरवतो. त्याची हीच खूण. त्याला पुढचा श्वास काही क्षणांत हवा असतो. त्या वेळी ऑक्टोपस पाठीमागे लोंबत असेल, वाळूत घासत असेल किंवा खिशात खोल कोंबलेला असेल, तर तो असून नसल्यासारखा. म्हणून नियम असा, की ऑक्टोपस हनुवटी आणि खालच्या बरगड्या यांच्यामधल्या त्रिकोणातच अडकवायचा, तोही एका झटक्यात सुटेल अशा पकडीत. दोरीने घट्ट बांधायचा नाही.

ऑक्टोपसही उजवीकडूनच येतो. डावीकडून आणायचा झाला, तर त्याचा बहुतेक प्रकारांत उलटा परिणाम होतो. तोंडात धरताना तो वरचा खाली होतो आणि श्वासाबरोबर पाणी येऊ लागते. काही खास बनावटीचे रेग्युलेटर दोन्ही बाजूंनी चालतात, पण तसे आहे ना, हे आधी विचारून घ्यावे.

लांबीचा हिशेब साधा आहे. दोघांना एका टाकीतून श्वास घेत, एकमेकांचा हात धरून, शांतपणे वर यायचे असते. तीस इंची नळीत दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात. चाळीस इंची नळीत हातभर अंतर राहते आणि घाबरलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहून त्याला धीर देता येतो.

याहून लांब नळीची पद्धत अमेरिकेतल्या फ्लॉरिडाच्या पाण्याने भरलेल्या गुहांतून आली. तिथल्या अरुंद बोळांतून दोघांना शेजारी-शेजारी पोहता येत नाही, एकामागून एक जावे लागते. म्हणून गुहेत जाणाऱ्यांनी एक नळी थेट सात फुटांची केली. ती छातीवरून आडवी नेऊन मानेमागून फिरवून तोंडाशी आणतात. दुसरा, २२-२४ इंची नळीवरचा रेग्युलेटर हनुवटीखाली रबरी दोरीने गळ्यात अडकवतात. विल्यम होगार्थ मेन या गुहा-पाणबुड्याच्या नावावरून या मांडणीला होगार्थियन म्हणतात.

या पद्धतीत जोडीदाराला हवा द्यायची ती आपल्या तोंडातली. कारण तो रेग्युलेटर चालू आहे, हे नक्की ठाऊक असते. शिवाय घाबरलेला माणूस समोर दिसणाऱ्या तोंडातल्या नळीवरच झडप घालतो. आपण स्वतः गळ्यातला दुसरा घ्यायचा. सुट्टीत उथळ समुद्रात उतरणाऱ्याला सात फुटांची गरज नाही. मात्र तिचीच धाकटी बहीण आता हौशी पाणबुड्यांतही दिसू लागली आहे. तोंडातल्या रेग्युलेटरला ४० इंची नळी लावून ती उजव्या काखेखालून आणायची, तोंडाशी वळण घेण्यासाठी एक फिरता कोपरा बसवायचा, आणि दुसरा रेग्युलेटर गळ्यात. खांद्यावरची कमान नाहीशी होते, मान मोकळी राहते. ही मांडणी चांगली आहे, पण दोघांनाही ती ठाऊक असली पाहिजे. एकजण पिवळी नळी शोधत असेल आणि दुसरा तोंडातली पुढे करत असेल, तर घोटाळा ठरलेला.

प्रवाळाचेही ऐका

मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथल्या खडकांवर प्रवाळ आहेत. प्रवाळाच्या काही जाती वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. मागे लोंबणारा दाबमापक त्यांच्यावरून एकदा घासत गेला, की कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडते. म्हणून दाबमापकाची नळी डाव्या कमरेच्या कडीला अडकवावी. त्यासाठी २४ इंची पुरते. नळीच नको असेल, तर टाकीवरून मनगटातल्या संगणकाला दाब कळवणारे छोटे यंत्रही मिळते. मात्र ते मुठीसारखे धरून टाकी उचलू नये.

स्वतःची नळी घेताना

ज्यांनी रीतसर अभ्यासक्रम केला आहे आणि जे स्वतःचा रेग्युलेटर घेणार आहेत, त्यांनी नळी दुकानातल्या फळीवरून पसंत करू नये. आपले जॅकेट, आपला पोहण्याचा जाड पोशाख आणि टाकी अंगावर चढवावी. मान पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, वर आणि खाली वळवावी. रेग्युलेटर ओढला जाऊ नये आणि ढकललाही जाऊ नये. ऑक्टोपस हातात घेऊन हात समोर लांब करावा, तो सहज पोहोचला पाहिजे. मग पोहण्याच्या तलावात हेच पुन्हा करावे. शक्य असेल तर दोन-तीन लांबीच्या नळ्या मागून घेऊन वापरून पाहाव्यात आणि मगच पैसे मोजावेत.

नळी बदलणे वरवर पान्याचे काम वाटते. तरी ते जाणकाराकडूनच करून घ्यावे. जोडातली रबरी कडी चिमटली किंवा आटा जास्त आवळला, तर गळती सुरू होते. नवी नळी बसवल्यावर सगळे यंत्र दाबाखाली पाण्यात बुडवावे. बुडबुडा दिसला, तर ते समुद्रात न्यायचे नाही.

वापरून झाल्यावर गोड्या पाण्यात धुवावे. धुताना पहिल्या टप्प्यावरचे धूळटोपण घट्ट लावलेले हवे, नाहीतर आत पाणी शिरते. नळी जोडापाशी दुमडून ठेवू नये, सैल वेटोळे करून सावलीत वाळवावी. जोडाजवळ रबरी बाही असेल, तर ती अधूनमधून मागे सरकवून पाहावे. भेगा नेमक्या तिच्याखाली दडतात आणि मीठही तिथेच साचते. विणलेल्या आवरणाच्या नळ्या लवचिक असतात, पण त्यांच्या आतला थर झिजला तरी बाहेरून कळत नाही. भेगा, फुगवटा, कडकपणा यांपैकी काहीही दिसले, तर नळी टाकून द्यावी. काही न दिसले तरी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावी.

एकदाच उतरणाऱ्यांसाठी

सुट्टीत एकदाच डुबकी मारणाऱ्याला नळी निवडता येत नाही, प्रश्न मात्र विचारता येतात. होडीत बसण्याआधी, किनाऱ्यावरच विचारावेत.

टाकी पाठीवर असेल, की होडीवरून लांब नळीने हवा देणार? होडीवरून देणार असतील, तर ती थांबल्यास दुसरी सोय काय? नळी होडीच्या पंख्यापासून दूर कशी ठेवतात?

शिकवणाऱ्याच्या अंगावर जादा रेग्युलेटर आहे का आणि तो समोर अडकवलेला आहे का?

एका शिकवणाऱ्याबरोबर किती जण उतरणार?

नळीला भेगा आहेत का? रेग्युलेटर तोंडात धरून किनाऱ्यावरच चार श्वास घ्यायला मिळतील का? मान वळवून पाहावी. ओढ लागली, तर टाकीचा पट्टा नीट करायला सांगावे. त्यात संकोच कसला?

समुद्रातल्या अनुभव-डुबकीसाठी प्रमुख प्रशिक्षण संस्था किमान वय १० वर्षे आणि खोली जास्तीत जास्त १२ मीटर मानतात. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण यांपैकी काही असेल, तर ते लपवू नये. प्रकृतीचा कागद नुसती सही करण्यासाठी नसतो. पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरू नये आणि वर येताना तर मुळीच नाही. शिवाय रायपूरला विमानाने परतणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानात बसायचे नसते. म्हणून पाण्यात उतरण्याचा बेत सहलीच्या शेवटच्या दिवशी न ठेवता सुरुवातीला ठेवावा.

एवढे विचारून उत्तरे समाधानकारक मिळाली, तर मुलांना खुशाल उतरू द्यावे. उत्तरे देताना कुणी हसण्यावारी नेले, तर भरलेले पैसे सोडून द्यावेत आणि किनाऱ्यावर बसून किल्ला पाहावा. किल्ला साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ तिथेच उभा आहे, आणि समुद्रही पुढच्या सुट्टीत तिथेच असेल.